चार घरांचा साचा

राउंडअप, मोंटाना
८ मार्च १९८७

प्रिय गेल,

काल सकाळी माझ्या हातातून कॉफीचा मग पडला. भरलेला होता, आणि माझ्या सासूचा, लॉइडच्या आईचा होता. मी काही धसमुसळेपणा केला नव्हता. नुसता उचलला, तर उजव्या कोपरानं मध्येच ‘मी नाही’ म्हटलं आणि बोटं उघडली. लॉइड असता तर म्हणाला असता, पस्तीस वर्षं तुला तो मग फोडायचाच होता.

कारण तुला न सांगताही कळेल. पपांचा साचा. परवा एका बैठकीत बंदुकीच्या तीनशे गोळ्या ओतल्या. चार घरांचं ते लोखंडी धूड, त्याला दांडे, आत शिसं, सगळं मिळून चार पौंडांच्या वर जातं. हात लांब करून वितळलेल्या शिशाच्या भांड्याच्या तोटीखाली धरायचं, चारही घरं भरायची, वरची पट्टी ठोकून जास्तीचं शिसं कापायचं, साचा उघडून गोळ्या फडक्यावर पाडायच्या, मिटायचा, परत उचलायचा. पंचाहत्तर वेळा. पपा हे सत्तरीपर्यंत करत होते आणि वर शीळ घालत होते. मी अठ्ठावन्नाव्या वर्षी झाकणं उघडायला शेजाऱ्याला हाक मारतेय.

जुलैत माइल्स सिटीची नेमबाजीची स्पर्धा आहे. गेल्या वर्षी मी चौथी आले होते आणि पहिल्या तिघांपैकी एकजण तर वाऱ्याच्या कृपेनं पुढे गेला. शिवाय शेजारच्या रँचवरचा बर्डेटही माझ्याच गोळ्या वापरतो. त्याला बहात्तरावं लागलंय, तो काय ओतणार! तू सत्तावीस वर्षं मशीनशॉपात काढलीस. काही अक्कल असेल तर पाठव. मलम सुचवू नकोस, तीन झालीत.

तुझ्या जनीनला माझं प्रेम.

तुझी
अर्डी

पोकाटेलो, आयडाहो
१७ मार्च

प्रिय अर्डी,

तुझं पत्र जनीननं मोठ्यानं वाचलं आणि मगाच्या ठिकाणी थांबून म्हणाली, ‘बाईनं मुद्दाम सोडला.’ मी तुझी बाजू घेतली, याची नोंद असू दे.

आता नीट ऐक. पपांचा बाक कुणाच्या मापाचा आहे? पपांच्या. पपा होते सहा फूट दोन इंच, आणि तू त्यांच्या छातीला लागायचीस. त्यांच्या बाकापाशी उभी राहून तू तीस वर्षं खांदा वर ओढून ओततेयस. दोष कोपराचा नाही, बाकाचा आहे. बर्डेटला करवत घेऊन बोलाव आणि पाय चार इंच कापून टाक. मग उंच स्टुलावर बसून बघ. खांदा सैल आणि कोपर कमरेजवळ राहिलं पाहिजे. कोंबडी पंख पसरते तसं लांब जायला नको.

साचा हातानं पेलायचाच नाही. तोटीखाली एक लोखंडी पट्टी आडवी बसव, साचा तिच्यावर टेकव आणि एकेक घर पुढे सरकवत भर. वजन पट्टीनं घ्यायचं, हातानं नुसती दिशा द्यायची. आणि मूठ इतकी आवळू नकोस. मला माहीत आहे तू कशी धरतेस, जसं काही साचा घर सोडून पळून जाणार आहे. वरची पट्टी हातोडीनं बडवण्यापेक्षा जाड चामडी हातमोजा घाल आणि शिसं पुरतं कडक व्हायच्या आत अंगठ्यानं ढकल. दर ठोक्याचा हादरा शेवटी कोपरातच जाऊन बसतो. शंभर झाल्या की थांबायचं. खिडकी उघडी ठेवतेस ना?

एवढं करूनही ते लोखंड लोखंडच राहणार. बाहेरच्या बाजूंना कितीतरी जास्तीचा धातू आहे, पपांनी हाताशी आला तो तुकडा वापरला होता. माझ्याकडे पाठवून दे. मिलिंग मशीनवर बाजू उतरवून देतो, पाऊण पौंड तरी सहज निघेल. आमच्याकडे काम सध्या मंदच आहे, वेळ आहे.

तुझा
गेल

राउंडअप
२ एप्रिल

प्रिय गेल,

बाक कापला. बर्डेट करवत घेऊन आला आणि पाय कापायच्या आधी टोपी काढून उभा राहिला. म्हणाला, ‘ऑस्कर मला वरून बघत असेल.’ मी म्हटलं, ‘पपा वरून बघत असतील तर बाक त्यांना तसाही ठेंगणाच दिसत असेल, काप.’

तू म्हणालास ते सगळं खरं निघालं. स्टुलावर बसून, पट्टीवर टेकवून ऐंशी गोळ्या ओतल्या आणि रात्री झोप लागली. पण डॉक्टरकडेही जाऊन आले. तो म्हणतो, याला टेनिस खेळणाऱ्यांचं कोपर म्हणतात. मी म्हटलं, मी जन्मात टेनिसची बॅट धरलेली नाही. म्हणाला, कोपराला ते ठाऊक नाही. वजन कमी करा, विश्रांती द्या, असं त्यानंही सांगितलं.

साचा पाठवायचा म्हणून दोनदा खोक्यात भरला आणि दोनदा बाहेर काढला. पपा गेल्याला सोळा वर्षं झाली, पण तो साचा या घराच्या बाहेर कधी गेलेला नाही. मग वाटलं, जातोय कुठे, गेलकडेच तर जातोय. आज पोस्टात टाकला. घरांच्या आतल्या बाजूला बोटसुद्धा लावू नकोस. बाहेरून काय हवं ते काप.

सोबत हरणाच्या सॉसेजची दोन वेटोळी आहेत. साच्याला तेल लागू नये म्हणून वेगळी गुंडाळलीत.

तुझी
अर्डी

पोकाटेलो
२१ एप्रिल

प्रिय अर्डी,

साचा पोचला, सॉसेज संपलं.

काय काम आहे गं हे! इतक्या वर्षांनी हातात घेतला आणि तासभर नुसता बघत बसलो. चारही घरं इतकी सारखी, की सुताचा फरक सापडत नाही. आमच्या इथे साचे बनवणारा एक छोटा कारखाना आहे, त्याच्या मालकाला सहज दाखवला. तो तर खुर्चीतून उठलाच. म्हणाला, गोळीचं हे नाक कुणी काढलं?

मला एक मदत कर. कापायला घ्यायच्या आधी माप पक्कं हवं. तो तपकिरी कागद आहे ना, ज्यावर गोळीचं चित्र काढलं होतं? तो पाठव. आणि त्या वेळी काय काय केलं होतं, आधीच्या गोळीत काय चुकत होतं, हेही आठवेल तेवढं लिही. नाकाचा उतार कुठे सुरू होतो ते कळलं की कुठलं लोखंड काढायचं ते कळेल.

आणि हाताचं मनावर घे. डॉक्टर बरोबर सांगतोय. इथे एकाला हेच झालं होतं, त्यानं दोन महिन्यांतच बरा झालो म्हणून घाई केली आणि वर्षभर चमचा उचलता येईना. ऑगस्टपर्यंत ओतू नकोस आणि बंदूकही खांद्याला लावू नकोस. माइल्स सिटी या वर्षी सोड. स्पर्धा काय दर जुलैत येते, कोपर एकच आहे.

तुझा
गेल

(म्हणजे दोन आहेत, पण कळलं ना तुला.)

राउंडअप
३ मे

प्रिय गेल,

तुझ्यावर दोन दिवस चिडून होते. मग पाव कापताना सुरी हातातून सुटली आणि चिडणं बंद झालं. ठीक आहे. माइल्स सिटीला जात नाही. नाव काढून घेतलं. बर्डेटला माझ्या उरलेल्या गोळ्या दिल्या, तो जाईल. तू सांगितलंस म्हणून करतेय. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर त्याला कुंपणापर्यंत पोचवून आले असते.

कागद सोबत आहे. घडीवर फाटलाय, सांभाळून उलगड.

काय आठवतं विचारतोस? सगळं. अठ्ठेचाळीसचा हिवाळा. मी खाणीच्या ऑफिसात नकाशे उतरवून काढायचे. पपांची जुनी गोळी सहाशे यार्डांपर्यंत सरळ जायची आणि मग डुगडुगायची. कागदाला भोक गोल पडायचं नाही, लांबट पडायचं. पपा म्हणायचे बंदुकीची दारू कमी पडते. मी म्हणायचे नाक फार टोकदार आहे आणि भार मागे राहतोय. एका रविवारी भांडण झालं. पपा म्हणाले, ‘एवढं कळतं तर काढून दाखव.’ मी खाणीच्या कागदाच्या पाठीवर काढून दाखवलं. नाक बोथट केलं आणि उतार लांबवर नेला, पाण्यात घासलेल्या गोट्यासारखा. पपांनी कागद खिशात घातला. गुरुवारी पाहते तर लेथवर त्याच मापाचं, साच्याची घरं कोरायचं हत्यार बनवत बसलेले. सहा आठवडे लागले. पहिली गोळी पडली तेव्हा त्यांनी ती गरम असतानाच माझ्या हातमोज्यात टाकली आणि म्हणाले, ‘घे, तुझी आहे.’

तू तेव्हा फार्गोला सोल्वेग मावशीकडे होतास, त्या सांधेतापानं अंथरुणाला खिळलेला. मी दर आठवड्याला तुला हे सगळं लिहीत होते, आठवतं? तू चौदाचा होतास आणि तुला फक्त कुत्र्याची खबर हवी असायची. ती पत्रं असतील का रे कुठे?

तुझी
अर्डी

पोकाटेलो
१२ मे

प्रिय अर्डी,

कागद मिळाला. पत्रं आहेत, बुटांच्या खोक्यात. काम सुरू करतो.

हाताला आराम दे.

गेल

पोकाटेलो
२९ जून

प्रिय अर्डी,

हे पत्र लिहायला तीन दिवस घेतले. साचा तडकला. बाजू उतरवताना आत कुठे तरी जुनी चीर असावी, तिनं धरलं आणि एक अर्धुक मधोमध गेलं. मी काही करू शकलो नाही.

सोबतच्या पार्सलात अॅल्युमिनियमचा नवा साचा आहे. माप तुझ्या कागदावरून, सुतासूत तेच. चारही घरं. दांडे धरून वजन जेमतेम दोन पौंड. तुझ्या हाताला हाच बरा पडेल, खरं सांगतो. दांडे लाकडी आणि लांब केलेत, म्हणजे मनगट मुरडावं लागणार नाही. हा लवकर तापतो आणि लवकर निवतो, पहिल्या दहा-बारा गोळ्या सुरकुतलेल्या निघतील, त्या परत भांड्यात टाक.

पण ऑगस्टनंतर. आत्ता नाही.

मला माफ कर.

गेल

राउंडअप
६ जुलै

प्रिय गेल,

पार्सल परवा आलं. पत्र आधी वाचलं असतं तर बरं झालं असतं, मी आधी खोकं उघडलं आणि आत चकचकीत काहीतरी बघून मला वाटलं तू पपांचा साचा घासूनपुसून पाठवलायस.

मग गोठ्यात जाऊन बसले थोडा वेळ.

आता बरी आहे. तू तीन दिवस पत्र घेऊन बसलास हे वाचून मला तुझीच जास्त काळजी वाटली. हातात तडकलेलं लोखंड घेऊन तू कसा उभा राहिला असशील! अरे, पपा स्वतः म्हणायचे, लोखंड कुणाचं ऐकत नाही. तुझी चूक नाही. माझ्या हातासाठी करायला गेलास म्हणून झालं, दोष द्यायचाच तर या कोपराला देऊ.

नवा साचा सुंदर आहे. तुझं ऐकलं नाही, चाळीस गोळ्या ओतून पाहिल्या. हाताला जाणवतसुद्धा नाही. तू गुणाचा आहेस.

एकच कर. फुटलेले तुकडे पाठवून दे. खिडकीत ठेवीन.

तुझीच
अर्डी

पोकाटेलो
१४ जुलै

अर्डी,

तुकडे भंगारात गेले. मला सुचलं नाही ठेवायचं. घाईत आहे, नंतर लिहितो.

गेल

राउंडअप
२७ जुलै

गेल,

बर्डेट काल संध्याकाळी आला. माइल्स सिटीहून आल्याला त्याला आठवडा झाला होता आणि तो माझ्याकडे फिरकला नव्हता. मला वाटलं वाईट हरला. तो स्वयंपाकघरात बसला, टोपी गुडघ्यावर ठेवली आणि कॉफी निवू दिली.

मग म्हणाला, ‘अर्डिस, तू त्यांना साचा दिलास का?’

‘कुणाला?’

‘तुझ्या भावाबरोबरच्या लोकांना.’

मी म्हटलं, ‘माझा भाऊ पोकाटेलोला आहे.’

तो म्हणाला, ‘तुझा भाऊ त्या शनिवारी माइल्स सिटीत माझ्यापासून वीस पावलांवर होता. मला बघून तंबूच्या मागे गेला.’

आणि त्यानं खिशातून ते चोपडं काढून टेबलावर ठेवलं. साचे बनवणाऱ्या त्या कारखान्याचं, विकायच्या मालाची यादी. पहिल्याच पानावर माझी गोळी. खाली लिहिलंय, ‘एस्पेलँड गोळी. रचना: गेलन एस्पेलँड.’ बर्डेट म्हणाला, तिथे तुमच्या विक्रीच्या टेबलावर काचेची पेटी होती, पेटीत पपांचा साचा होता, अख्खा, कुठे चीर नाही की टवका नाही, आणि मागे माझा तपकिरी कागद चौकटीत लावलेला होता. त्यानं तो साचा तीस वर्षं पाहिलाय, तो चुकणार नाही. तरी मी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, ‘पोरी, आता पुरे.’ बहात्तर वर्षांचा माणूस, त्याला माझ्याकडे बघवत नव्हतं.

तो गेल्यावर मी चोपडं वाचलं. ‘अठ्ठेचाळीसच्या हिवाळ्यात मी वडिलांशेजारी लेथपाशी बसून होतो. जुनी गोळी सहाशे यार्डांनंतर डुगडुगायची. वडील म्हणाले, एवढं कळतं तर काढून दाखव.’ पुढे पाण्यात घासलेला गोटा. पुढे गरम गोळी हातमोज्यात. ‘घे, तुझी आहे.’

गेल, तू फार्गोला होतास. तू अंथरुणात होतास. तुला हे ठाऊक आहे, कारण मी तुला लिहिलं. तेव्हा एकदा लिहिलं, आणि मेमध्ये तू विचारलंस म्हणून पुन्हा लिहिलं. शब्दही बदलले नाहीस. निदान गोट्याऐवजी दुसरं काही तरी म्हणायचं होतंस.

चोरी झाली असती तर मी पोलिसांकडे गेले असते. पण मी स्वतः खोक्यात भरून, तिकीट लावून पाठवलंय सगळं. सॉसेजसकट.

आणि सगळ्यात वाईट काय ते सांगते. तुझा सल्ला खरा होता. बाक खरा, पट्टी खरी, विश्रांती खरी. डॉक्टरही तेच म्हणाला. मी रात्रभर शोधत होते की यात खोटं कुठे आहे, आणि हाताच्या बाबतीत एक शब्द खोटा सापडेना. तू मला बरं केलंस, आणि त्याच वाक्यात मला माइल्स सिटीपासून लांब ठेवलंस. मी आता कोपर वाकवते आणि दुखत नाही, तेव्हा कुणाचे आभार मानायचे?

मी गोठ्यात जाऊन रडले होते, न फुटलेल्या साच्यासाठी. तुझं सांत्वन केलं होतं. ते पत्र वाचताना तुला काय वाटलं, एवढं फक्त सांग.

अर्डिस

पोकाटेलो
९ ऑगस्ट

अर्डी,

काय वाटलं विचारतेस. ते पत्र मी गॅरेजमध्ये वाचलं आणि जनीनला दाखवलं नाही.

मशीनशॉपनं मला जानेवारीतच काढलं. सत्तावीस वर्षं, आणि दाराशी एका पोरसवद्या साहेबानं हात मिळवला. काम मंद आहे असं तुला लिहिलं ते त्यामुळे; साचा एका जुन्या सोबत्याच्या मशीनवर उतरवणार होतो. मी सकाळी डबा घेऊन निघायचो आणि नदीकाठी गाडीत बसून राहायचो. जनीनला मार्चअखेर कळलं.

तुझा साचा आला तेव्हा माझ्या मनात काही नव्हतं. देवाशपथ नव्हतं. मी मालकाला दाखवला, त्यानं विचारलं हे कुणी काढलं, आणि मी म्हणालो, ‘आमच्या घरचं आहे.’ तो म्हणाला, ‘म्हणजे तू?’ मी लगेच नाही म्हणालो नाही. तेवढंच. त्यानं दुसऱ्या दिवशी बोलावलं, मला टेबल दिलं, माझ्या नावाची पाटी दिली. त्रेपन्नाव्या वर्षी मला कोण टेबल देणार होतं? मग रोज वाटायचं आज सांगू, आणि रोज ते जास्त अवघड होत गेलं. ती गोष्ट इतक्यांदा सांगितली, की आता मला खरंच लेथ दिसतो, पपांची पाठ दिसते. मी त्या हिवाळ्यात तिथे नव्हतो, हे माझं जन्माचं दुःख आहे, अर्डी.

आणि हात बरा व्हावा असं मला खरोखर वाटत होतं. ते खोटं नव्हतं. यावर तरी विश्वास ठेव.

पुढच्या चोपड्यात दोघांचं नाव घालू. भाऊ-बहीण. मी मालकाशी बोलतो. चालेल का?

गेल

राउंडअप
२० ऑगस्ट

गेल,

तुझी नोकरी गेली हे तू मला लिहिलं असतंस तर मी त्याच दिवशी गाडी काढून आले असते. साचा मांडीवर घेऊन आले असते आणि त्या मालकाला म्हटलं असतं, हा घ्या, माझ्या भावाला काम द्या. तू मागितलं असतंस तर मी दिलं असतं. नावासकट दिलं असतं कदाचित. तू मला देऊसुद्धा दिलं नाहीस.

दोघांचं नाव नको. आपण दोघांनी काही केलेलं नाही.

ऑक्टोबरात बिलिंग्जला नेमबाजांच्या क्लबाची सभा आहे. तू येणार हे पत्रकात छापलंय, गोळीची हकीकत सांगणार म्हणून. मीही येईन. सगळ्यांसमोर उभा राहून खरं काय झालं ते सांग. तुझ्या शब्दांत, हवं तेवढं थोडक्यात. मी त्यावर काही बोलणार नाही, मागणार नाही, तुझं टेबलही तुझ्याकडेच राहू दे. आणि साचा घेऊन ये.

अर्डिस

पोकाटेलो
१२ सप्टेंबर

अर्डी,

सांगतो. साचाही आणतो. वचन.

गेल

राउंडअप
१९ ऑक्टोबर

गेल,

तू तिथून घाईनं निघालास, म्हणून लिहितेय. हे शेवटचं आहे तेव्हा नीट वाच.

मी दुसऱ्या रांगेत बसले होते. बर्डेट शेजारी होता, इस्त्रीचा शर्ट घालून. जनीन पहिल्या रांगेत होती, मांडीवर पर्स घट्ट धरून, आणि तिनं एकदाही मागे वळून पाहिलं नाही. तुमचा मालक भिंतीला टेकून उभा होता. तू उठलास आणि म्हणालास, ‘आज इथे माझी बहीण आली आहे, आणि मला एक गोष्ट सांगायची आहे.’ मला वाटलं, सांगतोय. सगळं जाऊ दे, सांगतोय ना. त्या क्षणाला मी तुला माफ केलं होतं, गेल. पुरतं, आतून. ते तुला कळायला हवं.

तू एकदा भिंतीकडे पाहिलंस. आणि म्हणालास, ‘त्या हिवाळ्यात अर्डीनं फार मदत केली. आम्ही दोघं लेथवर असताना ती तासन्‌तास दिवा धरून उभी राहायची. तिच्याशिवाय ही गोळी झाली नसती.’

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्याकडे वळून वाजवल्या. एक बाई म्हणाली, ‘किती गोड!’

लेथवर विजेचा दिवा होता. तू फार्गोला गेल्यावर पपांनी बसवला होता. पण तू तेव्हा तिथे नव्हतासच, तुला कसं ठाऊक असणार?

बर्डेट उठायला लागला, मी त्याची बाही धरली. तुझं काम जाईल म्हणून मी गप्प बसले असा मोठेपणा मी घेत नाही. जनीनच्या पाठीकडे बघून गप्प बसले असंही नाही. खरं सांगायचं तर माझे पाय उठले नाहीत. मला आधी वाटलं होतं की एवढ्या लोकांत खोटं बोलायला माणसाला धाडस लागत असेल. ते नाही लागत. तिथे बसून ऐकायला लागतं, आणि माझ्याकडचं तेवढ्यातच संपलं.

मग बाहेर गाड्यांपाशी तू मागून आलास, लाकडी खोकं घेऊन. साचा आणलास, तेवढा शब्द पाळलास. मी घ्यायला हात पुढे केला तर तू खोकं सोडेनास. म्हणालास, ‘राहू दे, अर्डी, जड आहे. मी गाडीत ठेवतो. तुझं कोपर दुखेल.’

आणि मी तुझ्या तोंडाकडे पाहिलं, तर तुला खरंच काळजी वाटत होती.

तेवढं मला सोसलं नाही. तू वाईट असतास तर मला जमलं असतं. मी ते खोकं तुझ्या हातातून ओढलं, उजव्या हातानं, आणि मैदानाच्या पार टोकाला लावलेल्या गाडीपर्यंत एकटीनं नेलं. बर्डेटलाही हात लावू दिला नाही. दोन दिवस कोपर ठणकत होतं.

आता पपांचाच साचा वापरते. चारातली दोनच घरं भरते, पट्टीवर टेकवून, स्टुलावर बसून, मूठ सैल सोडून. पन्नास झाल्या की उठते. तू शिकवलंस तसंच करते, कारण ते बरोबर आहे. तुझा अॅल्युमिनियमचा साचा बर्डेटला देऊन टाकला, त्याला आता स्वतः ओतायचं आहे म्हणतो.

पुढच्या जुलैत मी माइल्स सिटीला जाणार आहे. तू टेबलामागे असशील. मी रांगेत आले तर ओळख देऊ नकोस, आणि हाताची चौकशी करू नकोस.

अर्डिस फोसम